बीबीए, बीकॉम की इकॉनॉमिक्स? पैसे भरण्याआधीचा हिशेब

माहितीपत्रकावरचा फीचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. तुम्हाला हवा असलेला आकडा तिथे छापलेला नसतो, तो तुम्हालाच काढावा लागतो. पदवी पूर्ण होईपर्यंतची सगळी फी, राहणे-जेवणे, येणे-जाणे आणि परत न मिळणारी शुल्के यांची बेरीज करा, त्यातून हमखास मिळणारी सवलत वजा करा. प्रत्येक पर्यायासाठी हे एकदा कागदावर मांडले की निम्मी चर्चा तिथेच संपते.

समजा, तुम्ही सोलापूरचे आहात आणि समोर तीन पर्याय आहेत. पुण्यातले विनाअनुदानित बीबीए, फी वर्षाला ९० हजार. दिल्ली विद्यापीठातले बीकॉम ऑनर्स, फी वर्षाला ३० हजार. आणि नावाजलेले खासगी अभिमत विद्यापीठ, फी वर्षाला साडेचार लाख. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण बाजारभाव सोडून नाहीत. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, मेस किंवा डबा आणि किरकोळ खर्च मिळून महिन्याला १२ हजार धरले, तर अकरा महिन्यांचे १ लाख ३२ हजार होतात. तीन वर्षांची फी २ लाख ७० हजार, राहणे-जेवणे ३ लाख ९६ हजार, एकूण ६ लाख ६६ हजार. दिल्लीत नॉर्थ कॅम्पसच्या आसपास, म्हणजे कमला नगर, विजय नगर, हडसन लेन या भागात, जेवणासह पीजी आणि वरखर्चाचे महिन्याला १६ हजार धरा. तीन वर्षांचे ५ लाख २८ हजार, फी ९० हजार, घरी येण्या-जाण्याचे वर्षाला १५ हजारांप्रमाणे ४५ हजार, एकूण ६ लाख ६३ हजार. म्हणजे दिल्लीची फी पुण्याच्या एक-तृतीयांश असली, तरी घरातून जाणारा पैसा तेवढाच. फक्त तो कॉलेजऐवजी पीजीवाल्याच्या खिशात जातो. अभिमत विद्यापीठात फी साडेतेरा लाख आणि वसतिगृहाचे वर्षाला १ लाख ८० हजार धरले, तर १८ लाख ९० हजार. डिपॉझिट वेगळे.

चौथा पर्याय कोणीही रंगीत कागदावर छापून देत नाही: घरी राहून गावातल्या अनुदानित कॉलेजात बीकॉम किंवा बीए अर्थशास्त्र. तीन वर्षांचे सगळे मिळून सहसा लाखाच्या आत. तालुक्याहून ये-जा असेल तर एसटीच्या विद्यार्थी पासवर भाड्याचा साधारण एक-तृतीयांशच भार तुमच्यावर पडतो. मुंबईत लोकलच्या पाससाठी कॉलेजातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म मिळतो. हा पर्याय नाकारायचा तर नाकारा, पण तक्त्यात लिहून मग नाकारा.

आधी गणित तपासा

अकरावीला 'मॅथ्स की एसपी' असे विचारले जाते आणि बरीच मुले चिटणिसाची कार्यपद्धती घेऊन मोकळी होतात. त्या एका खुणेने काही दारे तिथेच बंद झालेली असतात. दिल्ली विद्यापीठाच्या बीए ऑनर्स अर्थशास्त्राला बारावीला गणित आणि सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेतही गणित लागते. तिथल्या बीकॉम ऑनर्सला गणित नसेल तर लेखाशास्त्राच्या वाटेने जाता येते. बीएमएसला पुन्हा गणित आणि जनरल टेस्ट. बारावीला नसलेला विषय सीयूईटीत निवडून हे भागत नाही. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतली विषयांची जोडणी शब्दन् शब्द वाचा. श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सची स्वप्ने पाहत असाल तर लक्षात घ्या, तिथे पदवीला बीकॉम ऑनर्स आणि बीए ऑनर्स अर्थशास्त्र हे दोनच अभ्यासक्रम आहेत, बीबीए नाही.

पुढे अर्थशास्त्रात एमए करायचे, संशोधनात किंवा धोरणाच्या कामात जायचे असेल, तर पदवीला गणित आणि सांख्यिकी किती आहे हे पाहा. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे बीएस्सी अर्थशास्त्र असो की एखाद्या स्वायत्त कॉलेजचे बीए, प्रत्येक सत्राचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर असतो. अर्थमिती हा विषय कुठल्या सत्रात आहे, सक्तीचा की ऐच्छिक, एवढे शोधा. पाच मिनिटांचे काम आहे.

आणि एमबीए करायचेच ठरले असेल तर? कॅटला कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ५० टक्के गुण, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४५ टक्के. राज्याच्या एमबीए सीईटीलाही बीबीएची अट नाही. एमबीएवर पुढे वीस-पंचवीस लाख जाणार असतील, तर आधी बीबीएवर पंधरा लाख घालवण्याला फार भक्कम कारण हवे. 'आधीपासून मॅनेजमेंट शिकलेले बरे' हे भक्कम कारण नाही. आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हा वेगळा मामला. २०११पासून तो सुरू आहे, बारावीनंतर आयपीमॅट देऊन प्रवेश मिळतो आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेरही पडता येते. मात्र पाच वर्षांचा खर्च तीस लाखांच्या वर जातो, हे फॉर्म भरतानाच घरात बोलून घ्या.

फॉर्मचेच किती?

बारावीच्या अभ्यासात बुडालेले घर नेमके इथे फसते. खासगी विद्यापीठांच्या सेट, एनपॅट आणि आयआयएमच्या आयपीमॅट या प्रवेश परीक्षांचे अर्ज डिसेंबर ते मार्च या काळात सुरू असतात. २०२५ मध्ये सीयूईटीचे अर्ज मार्चमध्येच संपले, म्हणजे बारावीच्या लेखी परीक्षेच्या धामधुमीतच. निकाल लागल्यावर विचार करू, असे म्हणणाऱ्याच्या हातात मग राज्यातले मेरिट लिस्टवाले प्रवेश आणि महागडी खासगी विद्यापीठे एवढेच उरते.

२०२५ मध्ये सीयूईटीला तीन विषयांपर्यंत खुल्या प्रवर्गासाठी एक हजार रुपये आणि पुढच्या प्रत्येक विषयाला ४०० रुपये होते. राखीव प्रवर्गांना थोडे कमी. दिल्ली विद्यापीठात प्रवेश हवा तर एवढ्याने होत नाही. निकालाच्या सुमारास विद्यापीठाच्या सीएसएएस पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, तिचे शुल्क २५० रुपये. ही दुसरी नोंदणी विसरल्यामुळे चांगले गुण वाया घालवलेली मुले दरवर्षी भेटतात. राज्याच्या बीबीए-बीएमएस सीईटीला साधारण हजार रुपये. सिम्बायोसिसच्या सेटमध्ये मेख अशी, की परीक्षेचे दोन-सव्वादोन हजार वेगळे आणि निवडलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाचे हजार वेगळे. बीबीए आणि अर्थशास्त्राचे असे तीन-चार अभ्यासक्रम निवडले की पाच-सहा हजार गेले. आयपीमॅट चार हजारांच्या पुढे. हे पैसे परत मिळत नाहीत. सरसकट सगळे फॉर्म भरणाऱ्याचा आकडा वीस हजारांपर्यंत सहज जातो. वरचा तक्ता आधी करा आणि ज्या विद्यापीठाचा एकूण खर्च झेपणारच नाही, त्याचा फॉर्म भरू नका. 'द्यायला काय हरकत आहे' ही हरकत रुपयांत मोजता येते. क्लास लावलाच, तर त्याच्या फीवर १८ टक्के जीएसटी धरा. क्लासवाले बहुधा आकडा जीएसटी सोडून सांगतात.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत बीकॉम, बीए अशा पारंपरिक अभ्यासक्रमांना सीईटी नाही. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी, मग प्रत्येक कॉलेजचा आपला अर्ज, मग मेरिट लिस्ट. नोंदणी केली म्हणजे कॉलेजात अर्ज झाला, असे नाही. प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा भरा. स्वायत्त कॉलेजे काही अभ्यासक्रमांना स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, तिच्या तारखा मे महिन्यातच पाहून ठेवा. अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत त्या समाजासाठी मोठा राखीव वाटा असतो, त्यामुळे खुल्या जागा कागदावर दिसतात त्यापेक्षा बऱ्याच कमी असतात. मागच्या वर्षीचा कट-ऑफ पाहताना तो कोणत्या कोट्याचा आहे, हे पाहा.

बीएमएस कुठे गेले?

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीबीएम, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी सक्तीची झाली. अनेकांना ते कळलेच नाही. मोठ्या संख्येने जागा रिकाम्या राहिल्या आणि त्याच वर्षी दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. यावर बऱ्याच कॉलेजांनी वेगळीच वाट काढली. अभ्यासक्रमाचे नाव बदलून 'बीकॉम, मॅनेजमेंट स्टडीज' केले आणि सीईटीतून सुटका करून घेतली.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ काय? शिकवणारे तेच, वर्ग तोच, बरेचसे विषयही तेच असू शकतात. पण फीच्या सवलतीचा हिशेब बदलतो. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत १०० टक्के माफी दिली आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर माफी नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांतही नाही. मुलग्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत निम्म्या शिक्षण शुल्काची सोय आहे, तिलाही आठ लाखांचीच मर्यादा. सीईटीतले बीबीए आणि सीईटीबाहेरचे नाव बदललेले बीकॉम यांत सवलतीनंतरचा फरक लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी महाडीबीटी पोर्टलवर तुमचे कॉलेज आणि तुमचा अभ्यासक्रम नेमक्या त्याच नावाने योजनेखाली दिसतो का, हे स्वतः पाहा. 'सगळे मिळते, काळजी करू नका' असे खिडकीवर सांगितले तर त्या योजनेचे नाव कागदावर लिहून मागा.

माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची असते, एवढेही ध्यानात असू द्या. विकास शुल्क, वसतिगृह, 'इतर' या रकान्यांतली रक्कम तुम्हालाच भरायची असते. काही कॉलेजे आधी सगळी फी भरून घेतात आणि 'शिष्यवृत्ती आली की परत देऊ' म्हणतात. शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष उलटले तरी आलेले नसतात. हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशीच विचारा.

कॅपमध्ये आणखी एक. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेरीचे दार बंद. बसच्या अंतरावरचे कॉलेज 'सोय म्हणून' पहिल्या क्रमांकावर टाकू नका.

फीच्या पावतीत न दिसणारी फी

फीचा तक्ता मागताना 'पहिल्या वर्षाची फी किती' असे विचारू नका. 'मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने दोन्ही सत्रांत मिळून एकूण किती भरले' असे विचारा. उत्तर वेगळे येते. पुढच्या वर्षी फी किती वाढेल, हेही विचारा. खासगी विद्यापीठांत दरवर्षी वाढ ठरलेली असते आणि ती बारीक अक्षरांत लिहिलेली असते. वर्षाला दहा टक्के वाढ धरली तर साडेचार लाखांची फी तिसऱ्या वर्षी ५ लाख ४४ हजारांवर पोहोचते. वरच्या हिशेबात मी वाढ धरलेली नाही, तुम्ही धरा.

मग किरकोळ म्हणून सांगितले जाणारे आकडे. दुसऱ्या बोर्डातून किंवा राज्यातून आलात तर पात्रता शुल्क आणि स्थलांतर प्रमाणपत्र. ब्लेझर. लॅपटॉप, कधीकधी 'आमच्याकडूनच घ्या' या थाटात. केस स्टडीचा संच. प्लेसमेंट प्रशिक्षण. माजी विद्यार्थी संघाचे आजीव सदस्यत्व, तेही अजून आजी असताना. विषय राहिला तर एटीकेटीचा परीक्षा फॉर्म, पुनर्मूल्यांकन, फोटोकॉपी. शेवटी दीक्षांत शुल्क आणि परदेशी जायचे असेल तर ट्रान्सक्रिप्टचे दर प्रतीमागे.

बीएमएस-बीबीएच्या इंडस्ट्रियल व्हिजिटबद्दल वेगळे सांगायला हवे. सगळे तिला आयव्ही म्हणतात. कारखाना एक दिवस, मनाली चार दिवस. पंधरा-वीस हजार रुपये. कागदावर ऐच्छिक, पण अंतर्गत गुणांतला प्रकल्प तिच्यावर बेतलेला. पहिल्याच दिवशी विचारा: आयव्हीला न आलेल्या विद्यार्थ्याला पर्यायी प्रकल्प मिळतो का? हो म्हणाले तर कोणत्या विषयात, हेही विचारा.

'बीकॉम विथ एसीसीए' किंवा अमेरिकी सीएमएची जोड असलेले अभ्यासक्रम सध्या जोरात विकले जातात. कॉलेज जादा घेते ते बहुतेक वेळा शिकवणीचे. एसीसीए किंवा सीएमए संस्थेची नोंदणी, वार्षिक सदस्यत्व आणि प्रत्येक पेपरचे परीक्षा शुल्क वेगळे असते आणि ते पौंडात किंवा डॉलरमध्ये भरायचे असते. किती पेपरांची सूट मिळते, ती लेखी आहे का आणि पेपर राहिल्यास पुन्हा शिकवणी फुकट की पैसे देऊन, हे विचारल्याशिवाय सही करू नका. देशी सीए करायचे असेल तर उलटा विचार करा. महागडे कॉलेज, ७५ टक्के हजेरी आणि रोजचे सादरीकरण हे सगळे आर्टिकलशिपच्या आड येते. स्वस्त, जवळचे आणि हजेरीचे नियम आधीच स्पष्ट सांगणारे कॉलेज तुमच्या कामाचे.

राहण्याचे पैसे हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कमी तपासलेला भाग. वसतिगृहाची फी कॉलेजच्या फीत धरलेली आहे का? मेस सक्तीची आहे का? सुट्टीत मेसचे पैसे वजा होतात का? एसीचे मीटर वेगळे आहे का? पीजी घेत असाल तर डिपॉझिट किती, मधेच सोडले तर किती कापणार, दलाली कोणाची? दिल्ली विद्यापीठात वसतिगृहाच्या जागा फार थोड्या आहेत, मिळेल असे गृहीत धरू नका. वसतिगृह किंवा पीजीचे भाडे माणशी महिन्याला वीस हजारांपर्यंत असेल आणि मुक्काम सलग किमान ९० दिवसांचा असेल, तर जुलै २०२४ पासून त्यावर जीएसटी लागत नाही. बिलात तो लावलेला दिसला तर बोट ठेवून विचारा. घरी येण्या-जाण्यासाठी रेल्वेत विद्यार्थ्यांना स्लीपरमध्ये ५० टक्के सवलत असते, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के. त्याचा फॉर्म कॉलेजच्या कार्यालयातून भरून घ्यावा लागतो आणि तिकीट खिडकीवर काढावे लागते.

पदवीवर नाव कोणाचे?

कॉलेजच्या नावावर जाऊ नका, प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव असेल ते विचारा. सिडनहॅम म्हटले की मुंबई विद्यापीठ असे आजही अनेकांना वाटते, पण ते आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे. एच. आर. आणि के. सी. ही एचएसएनसी विद्यापीठात आहेत. यात वाईट काही नाही, पण आधी ठाऊक असावे. परराज्यातल्या एखाद्या खासगी विद्यापीठाचे 'केंद्र' तुमच्या शहरात दोन मजले भाड्याने घेऊन बीबीए देत असेल, तर मात्र थांबा. खासगी राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अशी केंद्रे काढून नियमित पदवी देता येत नाही. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर आहे. तिच्यात दिल्लीचे 'कमर्शियल युनिव्हर्सिटी लिमिटेड' आहे आणि आपल्या नागपूरचे राजा अरेबिक विद्यापीठही.

तीन वर्षे की चार, हेही विचारा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स. चौथे वर्ष त्याच कॉलेजात आहे का? तिथे सगळ्यांना जागा आहे की मोजक्यांना? फी किती? परदेशात एमएस करायचे किंवा पीएचडीकडे वळायचे असेल तर चौथ्या वर्षाला अर्थ आहे. नोकरी किंवा एमबीए करायचे असेल तर ते वर्ष म्हणजे एक वर्षाची फी आणि एक वर्षाचा बुडालेला पगार.

'हायेस्ट पॅकेज' वाचू नका

फलकावर एका विद्यार्थ्याचे पॅकेज असते. तुम्हाला हवा आहे मधला आकडा. एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला तिने सरकारला दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. पानाच्या तळाशी 'एनआयआरएफ' अशी छोटी कडी असते. तिच्यावरून पीडीएफ उघडा आणि तीन वर्षांच्या पदवीचा तक्ता शोधा. त्यात ओळीने असते: प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, वेळेत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले, त्यांच्या पगाराचा मध्य आणि पुढच्या शिक्षणाला गेलेले. समजा प्रवेश ३००, वेळेत उत्तीर्ण २४०, नोकरी ६०, मध्य चार लाख, पुढे शिकायला ४०. मग उरलेले १४० कुठे गेले, हा प्रश्न प्रवेश समुपदेशकाला विचारा. बहुतेक ठिकाणी पुढची दोन मिनिटे शांततेत जातात. क्रमवारीत नसलेल्या कॉलेजला मागच्या तुकडीची कंपन्यांच्या नावांसह यादी मागा. 'आमच्याकडे २०० कंपन्या येतात' हे उत्तर नव्हे.

हा मध्य कर्जाशी जोडून पाहा. १५ लाखांचे शैक्षणिक कर्ज, दरवर्षी पाच लाख उचललेले, व्याज १० टक्के. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असते: पहिल्या पाच लाखांवर चार वर्षांचे दोन लाख, दुसऱ्यावर दीड, तिसऱ्यावर एक. हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर साडेएकोणीस लाख. १५ वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता जवळजवळ २१ हजार. चार लाखांच्या पॅकेजमधून हातात येतात महिन्याला तीसेक हजार. उरलेल्या नऊ हजारांत पुण्या-मुंबईत राहून दाखवा. सवलतीच्या काळातले व्याज घरच्यांना दरमहा भरता आले तर हा बोजा साडेचार लाखांनी हलका होतो. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक दर्जाच्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांना विनातारण कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याजसवलत आहे. तुमची संस्था त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर पाहा. मॅनेजमेंट कोट्याला ही योजना लागू नाही. व्याजावरची प्राप्तिकर सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

कागदपत्रे: एप्रिलमध्ये, जूनमध्ये नव्हे

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, आधार, बँक खाते आधारशी जोडलेले. मधे वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या मूळ प्रतीच्या किमान पाच रंगीत छायाप्रती काढून ठेवा. एकदा कॉलेजला दिला की तो पुन्हा दिसत नाही.

राज्यात चालणारे सगळे दाखले केंद्रीय संस्थांत चालतात, या समजात राहू नका. दिल्ली विद्यापीठाला ओबीसीसाठी केंद्रीय यादीतली जात आणि केंद्रीय नमुन्यातले प्रमाणपत्र लागते, तेही त्या वर्षीच्या ३१ मार्चनंतर काढलेले. मराठा समाजाचा एसईबीसी दाखला तिथे उपयोगाचा नाही. निकषात बसत असाल तर केंद्रीय नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढा, तोही ३१ मार्चनंतरचा. त्यामुळे १ एप्रिल उजाडला की आपले सरकार पोर्टलवर अर्ज टाका. सरकारी शुल्क किरकोळ असते. बाहेरचा माणूस 'लवकर करून देतो' म्हणून हजार-दोन हजार मागेल, त्याच्या नादी लागू नका. शैक्षणिक कामासाठीच्या अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा मुद्रांकही लागत नाही, साधा कागद चालतो.

नावाचा घोळ आधी मिटवा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर बहुधा शेवटी. एकीकडे वडिलांचे नाव पूर्ण, दुसरीकडे नुसते अद्याक्षर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे ते नाव प्रमाण माना आणि परीक्षेचे फॉर्म भरण्याआधी आधार त्याच्याशी जुळवून घ्या.

पैसे भरलेत आणि दुसरीकडे लागले?

हे जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. खासगी विद्यापीठे मे महिन्यातच 'जागा पक्की करा' म्हणून पन्नास हजार ते लाख घेतात, सीयूईटीची वाटप यादी जुलै-ऑगस्टमध्ये लागते. यूजीसीचा २०१८चा नियम स्पष्ट आहे. जाहीर केलेल्या प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, फक्त पाच टक्के आणि जास्तीत जास्त पाच हजार रुपये कापता येतात. १५ दिवसांच्या आत रद्द केला तर ९० टक्के. शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि मग शून्य. डिपॉझिट मात्र पूर्ण परत. २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये वजावट, अशी आणखी मोकळीक दिली होती. तुमच्या वर्षीचे परिपत्रक शोधून मोबाइलमध्ये ठेवा. कॅपमधून घेतलेला प्रवेश रद्द करण्याची तारीख सीईटी सेलच्या वेळापत्रकात वेगळी दिलेली असते, ती चुकवू नका.

याच नियमांनुसार संस्थेला मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत, पडताळणी करून लगेच परत द्यावी लागतात. माहितीपत्रक विकत घेण्याची सक्ती करता येत नाही. पुढच्या वर्षांची फी आधीच मागता येत नाही. 'तिन्ही वर्षांची एकदम भरा, सूट देतो' ही सवलत नाही, नियमभंग आहे. आणि पावतीशिवाय मागितलेली रक्कम म्हणजे कॅपिटेशन फी, ज्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. रोख देऊ नका. द्यायची वेळ आलीच तर पावतीवर रकमेचे कारण लिहून घ्या, 'देणगी' नाही.

प्रवेश रद्द करताना फोनवर बोलू नका. कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करा: प्रवेश क्रमांक, पावती क्रमांक, भरलेली रक्कम, रद्द करण्याची तारीख, बँक खाते. त्याच दिवशी छापील अर्ज आवक-जावक खिडकीवर देऊन शिक्का मारलेली प्रत घ्या. पैसे आले नाहीत तर आधी संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, मग विद्यापीठाच्या लोकपालाकडे आणि सोबतच यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवा. शिक्क्याची प्रत आणि फीची पावती जोडा, लांबलचक पत्र लिहू नका. पाच ओळी पुरतात.